आपसूक लागणारं फाटक

हौसाआत्या कुणाच्या घरी गेल्या की माणसांची चौकशी नंतर, फाटकाची आधी. फाटक ढकलायचं, आत यायचं आणि हात सोडून द्यायचा. मग तिथंच उभं राहून, डोक्यावरचा पदर सारखा करत, ते आपलं आपण लागतंय का हे बघत राहायचं. आपल्याकडची बहुतेक फाटकं लागत नाहीत. अर्ध्यात अडकतात, नाहीतर वाऱ्यावर डुलत बसतात. मग आत्या घरमालकाकडं अशा बघायच्या, की त्या बिचाऱ्याला पोरगं नापास झाल्याची चिठ्ठी हातात पडल्यासारखं वाटायचं. "दार हाय का नुसतं चित्र?" एवढं विचारायच्या आणि मग चहाला बसायच्या.

कुपवाडला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, जिने, रेलिंग, फाटकं. आत्या तिथं पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्याच फाटकाशी दोन मिनिटं उभ्या राहिल्या. ते फाटक मी धंदा सुरू केला त्या वर्षी घाईत बसवलं होतं आणि तेव्हापासून ते जमिनीला घासत होतं.

"कारखानदार," त्या म्हणाल्या, "लोकांची फाटकं करतोस आन् सोताचं लंगडं ठिवतोस व्हय रं?"

त्या दिवसापासून मी कायमचा कारखानदार झालो. कारखान्यात मी, दोन वेल्डर आणि एक कुत्रं, पण आत्यांच्या तोंडून तो शब्द आला की मला उगीच शेड अपुरी वाटायला लागायची.

आत्या आटपाडीकडच्या. मेंढरांमागं हिंडण्यात सगळी हयात गेलेली. उंच, काटक बाई. हनुवटीवर हिरवं गोंदण, पायात जाड वहाणा, आणि आवाज असा की दोन माळ ओलांडून गेलेली मेंढी माघारी फिरावी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, त्या भावाकडं परत आल्या. भावजय बाळंतपणात गेली तेव्हा तिचं पोर ह्यांनीच खांद्यावर टाकलं. ते पोर म्हणजे दत्ता. दत्ता शिकला, डाळिंबाच्या व्यापारात पडला, चांगला वर आला. सांगलीत कुपवाडच्या अंगाला त्यानं बंगला बांधायला काढला, पुढच्या बाजूच्या दोन खोल्या तयार होताच बायको सुप्रिया आणि लहानगी लेक आर्या यांना घेऊन राहायला आला, आणि गावाकडची मेंढरं विकून आत्यांनाही घेऊन आला. मी त्याच्या शेजारच्या प्लॉटवर राहतो, त्यामुळं आत्या मला आयत्याच मिळाल्या.

मेंढरं विकली तरी मोजायची खोड गेली नव्हती. चार पोरं अंगणात खेळत असली की आत्या बोलता बोलता ओठ हलवायच्या. आधी मला वाटलं जप करतात. सुप्रियानं सांगितलं, पोरं मोजतात. बारशाला, वाढदिवसाला, गल्लीतल्या गणपतीला, कुठंही आत्यांचे ओठ हलत असायचे. एखादं कमी भरलं की गप्पा तिथंच सोडून उठायच्या. ते पोर सापडलं की परत येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायच्या.

बंगल्याच्या मागं दत्तानं पोहण्याचा तलाव खणला. आत्या त्याला हौद म्हणायच्या, आणि दत्तानं कितीही वेळा स्विमिंग पूल म्हणून दुरुस्त केलं तरी तो हौदच राहिला. दत्ताला मी हसलो नाही, कारण मला त्याचं कळत होतं. हे पोर टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहून वाढलेलं. अंघोळीला तांब्याभर पाणी मिळालं तर तो सण. हॉलमधल्या सोफ्यावर बसायचं आणि समोर निळं पाणी बघायचं, एवढीच त्याची हौस होती. मधे काही नको. तलावाच्या आणि त्याच्या मधे त्याला काचसुद्धा सलत होती.

आणि आत्यांचा रोज सकाळी एकच प्रश्न. "हौदाला कुंपण कवा घालतुयास?"

दत्तानं आधी हसण्यावारी नेलं. मग समजूत काढली, की आपण सगळे घरातच असतो, आर्यावर लक्ष असतं. मग तलाव बांधणाऱ्या माणसाला बोलावून आत्यांसमोर उभं केलं. तो भला माणूस म्हणाला, "आजी, घरच्या तलावाला कुंपण घालायची आपल्याकडं काही सक्ती नाही."

"सक्ती न्हाई म्हंजे पाणी बुडवत न्हाई व्हय?" आत्यांनी विचारलं.

तो माणूस फरशीचं माप घ्यायला निघून गेला. फरशी आधीच बसली होती.

शेवटी आत्यांनी सांगून टाकलं, "कुंपण व्हायच्या आदी ह्यात पाण्याचा थेंब पडला, तर मी हितनं आटपाडीला चालत जाईन." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर बोलण्याची पद्धत म्हणून सोडून दिलं असतं. पण ही बाई दर साली मेंढरांमागं त्याहून लांब चालत गेलेली. त्या खरंच गेल्या असत्या आणि वाटेत दमल्याही नसत्या.

दत्ता वैतागून माझ्याकडं आला. कामाचं बोलायचं सोडून आत्यांच्याच तक्रारी सांगायला लागला, आणि तक्रार सांगता सांगता त्यानं शेततळ्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावात एका बागायतदारानं डाळिंबासाठी शेततळं केलं होतं. उतारावर काळा प्लास्टिकचा कागद, कडेला काही नाही. आत्यांची एक मेंढी आणि तिचं कोकरू पाण्याला म्हणून उतरली ती घसरली. कागद शेवाळलेला, पाय ठरेना. मेंढी पोहत होती, काठाला येत होती, चढायला बघत होती आणि परत आत जात होती. आत्यांनी बाभळीला दोर बांधला, स्वतः उतरल्या आणि मेंढी वर काढली. कोकरू गेलं. बागायतदार म्हणाला, मेंढरं सांभाळायला येत नाहीत तर पाळता कशाला.

आत्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली वाघर नेली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, मेंढपाळाच्या संसारातली मोठी वस्तू. ती त्या माणसाच्या तळ्याभोवती मेखा ठोकून बांधून आल्या. त्यानं उपटून फेकली. आत्यांनी परत बांधली. त्यानं परत उपटली. तोवर घरची कोकरं काट्याकुट्याच्या कुंपणात, आणि आत्या रोज उठून परक्याच्या तळ्यावर मेखा ठोकायला. शेवटी ह्या बाईपासून सुटका व्हावी म्हणून त्या माणसानंच तारेची जाळी मारली. आत्यांनी वाघर काढून घरी आणली, फाटली होती तिथं विणली आणि कोकरं आत घातली.

"तवा मी शाळेत हुतो," दत्ता म्हणाला. "पोरं मला चिडवायची, तुजी आत्या मेंढरांगत तळं वळती म्हणून." आणि मग म्हणाला, "कर बाबा काईतरी कुंपण. पन दिसायला चांगलं पायजे."

दिसायला चांगलं म्हटल्यावर मी पेटलो. आडवे पाइप, मधे मधे पानांची नक्षी, कमरेइतकी उंची. असं देखणं काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. बसवून झालं, रंग वाळला, दत्ता खूश, सुप्रियानं फोटो काढले. आत्या मात्र रिक्षा बोलवा म्हणाल्या आणि कुठंतरी गेल्या.

तासाभरानं परत आल्या त्या काखेत करडू घेऊन. चांगलं टणटणीत, काळं-पांढरं, दोन-तीन महिन्यांचं. कुपवाडच्या मागं कुणाच्या तरी शेळ्या होत्या, तिथून उसनं आणलेलं. रिक्षावाला पैसे घेऊनही जाईना, त्याला पुढं काय होतंय ते बघायचं होतं.

आत्यांनी करडू कुंपणाबाहेर सोडलं आणि स्वतः पाल्याची डहाळी घेऊन आत, कोरड्या तलावाच्या काठाला उभ्या राहिल्या. करडानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग पुढचे पाय पहिल्या पाइपवर, मग दुसऱ्या, नक्षीच्या पानावर एक टाच, आणि पलीकडं. डहाळी खायला सुरुवातही झाली.

"कुंपण सांगितलं हुतं," आत्या म्हणाल्या. "शिडी केलीयास तू, गड्या."

"आवं आत्या, हे करडू हाय. पोर असं चढतंय व्हय?"

"तीन वर्साचं पोर म्हंजे दोन पायाचं करडूच. फरक एवढाच, करडाला पाण्याचं भ्या असतं."

रिक्षावाला म्हणाला, "बराबर हाय, मावशी," आणि निघून गेला.

मी ते सगळं कापून काढलं. खरं सांगतो, नक्षीची पानं कापताना माझ्या जिवावर आलं. मग उभे गज घातले. उंची दत्ताच्या छातीपर्यंत. दोन गजांतलं अंतर आत्यांनी स्वतः ठरवलं: त्यांची मूठ आत गेली नाही पाहिजे. प्रत्येक गजाशी जाऊन त्यांनी मूठ लावून बघितली. खालची फटसुद्धा बसून तपासली, कारण कोकरू वरनं जात नाही, खालनं सरपटतं. करडू परत आलं, परत रिक्षानं. ह्या वेळी त्यानं गजांना तोंड लावलं, डोकं आपटलं, इकडून तिकडं फिरलं. मी विजयी मुद्रेनं आत्यांकडं बघितलं. तेवढ्यात ते सुप्रियानं शोभेला ठेवलेल्या बाकावर चढलं, बाकावरून मोठ्या कुंडीवर, आणि कुंडीवरून थेट आत.

सुप्रिया कपाळाला हात लावून हसायला लागली. मग हसता हसताच थांबली, कारण त्या बाकावर रोज संध्याकाळी आर्या उभी राहायची. तिनं कुणाला न सांगता कुंडी स्वतःच ओढायला घेतली. आत्यांनी दुसरी बाजू धरली. त्या दिवसापासून कुंपणाच्या जवळपास चढण्यासारखं काही ठेवायचं नाही असा घरचा कायदा झाला, आणि तो सुप्रिया आत्यांपेक्षा कडक पाळायला लागली.

फाटकानं माझा सगळ्यात जास्त जीव खाल्ला. ते पाण्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे बाहेर उघडायचं, म्हणजे पोरानं ढकललं तर आणखी घट्ट बसेल. स्प्रिंगची बिजागरं लावली, त्यामुळं ते आपसूक लागायचं. पण आत्या सताड उघडून सोडायच्या, अर्धं उघडून सोडायच्या, आणि मग बोटभर उघडून अगदी हळू सोडायच्या. बोटभरावरून ते टेकायचं, पण खिट्टी पडायची नाही.

"टेकलं म्हंजे लागलं न्हवं. आवाज कुटं आला?"

बिजागरं बदलली. पुन्हा बदलली. शेवटी कुठूनही सोडलं तरी खट असा आवाज यायला लागला. मग खिट्टीची उंची. मी सवयीनं हाताला येईल अशी लावलेली. आत्यांनी ती वर न्यायला लावली, आणखी वर, इतकी की त्यांच्यासारख्या उंच बाईलाही हात पुरता ताणावा लागेल; त्यासाठी फाटक आणि त्याचा खांब कुंपणाच्या वर वाढवावे लागले. "हात वर करताना मानसाला आठवतं आपन कुटं चाललोय," त्या म्हणाल्या. मी दमून हो म्हटलं आणि वेल्डिंग करून टाकलं. मग तलावात पाणी सोडलं.

वास्तुशांतीला साताऱ्याहून सुप्रियाच्या आई आल्या होत्या. सगळं रीतीनं व्हायला पाहिजे अशा शिस्तीच्या बाई. तलावाच्या पाण्याची पूजा करायची, ओटी भरायची असं त्यांनी ठरवलं. सवाष्णी ताटं घेऊन आत-बाहेर करणार, आणि फाटक प्रत्येकीच्या पाठीवर खटकन लागणार. शुभकार्यात सवाष्णींच्या तोंडावर दार लागलेलं त्यांना बरं दिसेना. म्हणून त्यांनी झेंडूचं लांब तोरण घेतलं, फाटक सताड उघडलं आणि तोरणानंच ते कुंपणाच्या खांबाला बांधून टाकलं. दिसत होतं सुरेख. मीही कौतुक केलं.

आत्या विधवा. ओटी भरण्याच्या वेळी त्यांना पुढं बोलवायचा प्रश्नच नव्हता, आणि त्या स्वतःही गेल्या नसत्या. त्या मागच्या बाजूला स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. तिथून त्यांना फाटकाची बाजू दिसत नव्हती, बायकांच्या गर्दीनं झाकलेली. पूजा झाली. सगळ्या हसत-बोलत जेवायला पुढच्या अंगणातल्या मांडवात गेल्या, तोरण तसंच राहिलं. आणि कुणाला काहीच वाटलं नाही, कारण कुंपण होतं ना आता. आधी कुंपण नव्हतं तेव्हा निदान प्रत्येकजण आर्याला हाका मारत असायचा.

मी पंगतीत वाढत होतो. सनई लावलेली, आवाज मोठा. मांडवाच्या कडेला येऊन बसलेल्या आत्यांकडं माझं सहज लक्ष गेलं तर त्यांचे ओठ हलत होते. पोरांच्या पंगतीवरून नजर एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली. आणि त्या उठल्या. काहीतरी ओरडल्या, पण त्या सनईत ती हाकसुद्धा बुडाली.

मी भांडं खाली ठेवून मागं धावलो. आत्या माझ्या पुढं होत्या, गुडघे दुखत असतानाही ती बाई ज्या वेगानं चालत होती ते मी विसरणार नाही. पलीकडून, हॉलच्या दारातून, आर्या निघाली होती. नवा परकर, हातात छोटी ताटली, ताटलीत फुलं. बायकांनी पाण्यात फुलं वाहिली, तिलाही वाहायची होती. समोर सताड उघडं फाटक आणि त्याच्या पलीकडं ते निळं पाणी.

मी आर्याला हाक मारली. ती हसली आणि जोरात पळायला लागली, तिला वाटलं शिवाशिवी.

आत्या पोरीकडं गेल्याच नाहीत. त्या फाटकाकडं गेल्या. तोरणाचा दोरा पक्का होता, हातानं तुटेना. त्यांनी खाली वाकून तो दातांत धरला आणि हिसडा दिला. झेंडू चहूकडं उडाला. फाटक फिरलं आणि आर्याच्या समोर येऊन लागलं. खट.

आर्या गजांना धडकली. मग भोकाड पसरलं. फाटक हलवलं, ढकललं, आणि शेवटी रागानं सगळी फुलं गजांमधून आत फेकली. आत्या तिथंच फाटकाला पाठ लावून खाली बसल्या. त्यांच्या ओठाला दोऱ्यानं चिरलं होतं.

आरडाओरडा ऐकून मंडळी आली. सुप्रियाच्या आईंनी आधी तोरण बघितलं. "अहो, हे काय! शुभकार्यात तोरण तोडलंत?" आणि मग त्यांना रिकामी ताटली दिसली, आर्या दिसली, पलीकडं पाण्यावर तरंगणारी तिची फुलं दिसली. त्या तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

दत्ता आत्यांशेजारी खाली बसला, नव्या सिल्कच्या शर्टानिशी, आणि त्यांचा हात धरून ठेवला. सुप्रिया नारळ घेऊन आली. "आत्या, पाण्याची पूजा आता तुमच्या हातून होऊ दे," म्हणाली.

आत्यांनी पदरानं ओठ पुसला. "आदी जेवा समदी," त्या म्हणाल्या. "पानी कुटं पळून जात न्हाई. म्हणूनच तर ही सगळी कटकट."

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्यांनी नारळ वाहिला म्हणे. मी तिथं नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दत्ता माझ्या वर्कशॉपमध्ये आला आणि जाताना माझं लंगडं फाटक उघडून, हात सोडून, बघत उभा राहिला. मी त्याच दिवशी ते दुरुस्त केलं.

आत्या जाऊनही आता बरेच दिवस झाले. आजारपण फार नव्हतं, थंडीत एका सकाळी उठल्या नाहीत एवढंच. त्याच्या थोडं आधी मी दत्ताकडं बिजागरांना तेल द्यायला गेलो होतो. हे काम आत्यांनी माझ्या मागं कायमचं लावून दिलं होतं.

आत्या आणि आर्या दोघी फाटकाबाहेर उभ्या होत्या. आर्या पाच वर्षांची, पोहण्याचे कपडे, डोक्यावर गॉगल, बापाची वाट बघून कंटाळलेली. ती टाचा उंच करून खिट्टीकडं हात ताणत होती. हात कुठल्या कुठं राहिला होता. "आत्याआजी, तू काढ ना," ती म्हणाली. आत्यांनी हात वर केला. दोन वर्षांत त्या पाठीत पार वाकल्या होत्या, खांदा वर जात नव्हता. आर्याच्या हातापेक्षा त्यांचा हात थोडाच वर पोचला आणि थांबला. त्यांनी तो काढून घेतला नाही. तिथंच धरून खिट्टी किती लांब राहिली ते बघत राहिल्या.

मला बघवेना. "आत्या, खिट्टी खाली घेतो थोडी. उद्याच येतो."

"हात लावून तर बघ."

"आवं पन तुमालाच उघडत न्हाई आता."

"मग बराबर बसलीया," आत्या म्हणाल्या.

तेवढ्यात दत्ता आला, तशा आत्या कुंपणापासून लांब ठेवलेल्या आपल्या खुर्चीकडं सरकल्या. त्यानं हात ताणून खिट्टी काढली, आर्याला पुढं घातलं, स्वतः आत गेला आणि मागं न बघता फाटक सोडून दिलं. आत्या खुर्चीची पाठ धरून, मान कलती करून उभ्या राहिल्या. खट असा आवाज आला, आणि मगच त्या खाली बसल्या.